तिच्या नावचं अंडं

सोमवार, ३ फेब्रुवारी २००३
लाबोरो मिशन

पोचले एकदाची! गुलूहून लष्कराच्या ट्रकांच्या रांगेत मधोमध आमची गाडी होती, अंगावर बोटभर धूळ, कंबरेचा पार काटा ढिला झालाय. वाटेतली गावं ओस पडलीत, जळक्या छपरांतून आभाळ दिसतं. अशा वेळी रडू यायला हवं, पण मला मात्र सारखं गाणं म्हणावंसं वाटत होतं. देवा, माफ कर.

पण माझा आनंदही समजून घे. गुलूच्या मोठ्या कॉन्व्हेंटात मी कोण होते? कुणी आजारी पडलं की तिच्या जागी पास्कालिना. कुणाला सुट्टी हवी की पास्कालिना आहेच. इथं मी एकटी नर्स, एकटी सुईण. दवाखाना माझा, बाळंतिणींची खोली माझी, औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. किल्ली दोनदा हातात घेऊन वाजवली मी, कुणी बघत नाही असं बघून.

घरात दोनच माणसं. सिस्टर ओर्सोला, इटलीची, ऐंशीच्या पुढची. आमची आचोली भाषा ती माझ्या मावशीसारखी बोलते, पण डोळ्यांनी आता सावल्याच दिसतात तिला. आणि स्वयंपाकाला मेगो कारामेला, म्हणजे कारामेला आई. सगळेच तिला मेगो म्हणतात आणि सगळेच तिला टरकून असतात. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली की गुलूत तुला खायला घालत नव्हते का. मग तुरीचं घट्ट वरण आणि नाचणीच्या उकडीचा गोळा, क्वोन, वाढला, वरणावर शियाचं तेल सढळ हातानं. दोनदा मागून घेतलं.

ऊन कललं तशी शेजारच्या विस्थापितांच्या कँपातली मुलं घोंगड्या घेऊन कुंपणाच्या आत झोपायला आली. रानातले बंडखोर पोरं उचलून नेतात म्हणून रोज येतात. सगळं अंगण भरलं. मी एकेकाचं नाव विचारत हिंडले. फार बरं वाटलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

माझी खोली आधी सिस्टर जेरोलिना आदोंगची होती. खिडकी आंब्याच्या झाडावर उघडते. कपाटात तिचा एक झगा आहे, तो तिथंच राहू दे म्हणून मेगोनं बजावलं. राहू दे बापडा. माझे दोन झगे खिळ्यावर टांगले.

आज दवाखान्यात बायकांची ही गर्दी. मी इंजेक्शन दिलं की प्रत्येकीचं एकच: जेरोलिना सिस्टरचा हात हलका होता. जखम बांधली, जेरोलिना सिस्टर गाठ इकडे बांधायची. एका म्हातारीनं तर गोळी हातात घेऊन विचारलं, ही तिनं सांगितलीय ना?

जेवताना ओर्सोलानं सांगितलं. गेल्या ऑगस्टात जेरोलिना चर्चच्या गायकवृंदातली मुलं घेऊन दुसऱ्या मिशनच्या सणाला निघाली होती. वाटेत रानातल्यांनी ट्रक अडवला, जाळला, मुलांना दोरीनं बांधलं. तिला म्हणाले, तू जा, नन आहेस. ती हलली नाही. मुलांच्या मागोमाग चालत गवतात शिरली. ड्रायव्हर तेवढा परत आला. तेव्हापासून ना ती, ना एकही मूल.

मी क्रूस केला. खरंच वाईट वाटलं. पण टेबलावर चौथं ताट मांडलेलं होतं, तिच्यासाठी, वर पालथी वाटी. रोज मांडतात म्हणे.

रविवार, ९ फेब्रुवारी

मिस्सा नाही, फादर येऊ शकले नाहीत. मुलांनी प्रार्थना म्हटली. राष्ट्राध्यक्षांसाठी नाही, पोपसाहेबांसाठी नाही, आधी जेरोलिना सिस्टरसाठी. झोपण्याआधी तिनं शिकवलेलं गाणं. मी एक नवं शिकवायला घेतलं तर मुलं गप्प बसून तोंडाकडे बघत राहिली, पाहुण्यांसमोर बसतात तशी.

कोण ही जेरोलिना लागून गेली?

एक मात्र माझ्या वाट्याला आलीय. लाकेर. सहा-सात वर्षांची असेल, गेल्या महिन्यात कँपात आली, मागे कुणी नाही. तिनं जेरोलिनाला कधी पाहिलेलंही नाही. माझ्या झग्याचं टोक मुठीत धरून दवाखानाभर हिंडते. कापूस गुंडाळायला शिकवलं तर बोळे करून रांगेत मांडले आणि म्हणाली, पास्कालिना, बघ. नुसतं पास्कालिना! सिस्टरबिस्टर काही नाही. मी रागावले नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज कळलं, मेगो रोज संध्याकाळी फाटकात काय करत असते. ओपोबोच्या झुडपाची एक हिरवी डहाळी आडवी टाकते, धान्याच्या कणगीचं झाकण उचलायची बेचकी शेजारी, आणि मधोमध एक कच्चं अंडं. जेरोलिनासाठी.

आमच्याकडे हे करतातच. बरेच दिवस बाहेर राहून, रानावनातून आलेला माणूस अंड्यावर पाय देऊन घरात शिरतो. अंडं फुटलं की तो घरचा झाला. त्याच्या मागे जे काही चिकटून आलं असेल ते अंड्यापलीकडेच राहतं. आणि ज्याच्या नावानं ठेवलं त्यानंच ते फोडायचं, दुसऱ्यानं बोटही लावायचं नाही, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ननसाठी? आणि ओर्सोलानं, जिनं उभ्या आयुष्यात असल्या गोष्टींना नाक मुरडलं, तिनं आपल्या कोंबड्यांची अंडी द्यायची? बाळंतिणींना एक अंडं मिळत नाही इथं!

हे सगळं मी तावातावानं लिहितेय, पण रोजनिशीत तरी खोटं कशाला. मी पाच वर्षं कंपालाला शिकून घरी गेले होते, पांढरा गणवेश घालून. दारात डहाळी नव्हती, अंडं नव्हतं. काकू आतूनच म्हणाली, आत ये, नाहीतर बाहेर हो, माश्या येतात.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पायाळू मूल. आईची शुद्ध हरपत होती. खोलीत मी एकटी, मदतीला चिटपाखरू नाही. मुलगी जगली, आई जगली. इतकं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं.

आईनं डोळे उघडले आणि पोरीचं नाव ठेवलं. जेरोलिना.

म्हणाली की सिस्टर जेरोलिना पूर्ण वेळ खिडकीबाहेर उभी होती, तिच्याकडे बघून मला धीर आला. मी म्हटलं, बाई, खिडकीबाहेर बकरीसुद्धा नव्हती. ती हसली माझ्याकडे बघून, मलाच काही कळत नसल्यासारखी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घाम माझा आणि नाव तिचं!

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी लवकर फाटकाशी गेले. मेगो केरसुणीनं माती सारखी करत होती. मला बघून थांबली, पण निम्म्या खुणा राहिल्या होत्या. अनवाणी बाईमाणसाची पावलं, आणि तिच्यामागे लहान पावलं, कितीतरी. सगळी बाहेरून अंड्यापर्यंत आलेली. तिथून परत फिरलेली.

मेगोनं शांतपणे सांगितलं की रोज येतात. ती थांबते म्हणून तेही थांबतात, ती वळली की तेही वळतात. मी विचारलं, मग फोडत का नाही अंडं, यायचंय तर? मेगो म्हणाली, ती आत आली तर पोरं बाहेर राहतील ना. ती त्यांना टाकून यायची नाही. आणि ती पोरं आता आत घेण्यासारखी राहिलेली नाहीत.

मानेवर काटा आला, नाही असं नाही. पण त्याहून आधी मनात आलं ते असं: जिवंतपणी कौतुक, मेल्यावरही कौतुक. पुरे झालं की.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दमून जेवायला बसले आणि चुकून पालथ्या वाटीचं ताट ओढलं. ओर्सोलानं हातानं चाचपून ते माझ्यापुढून हळूच सरकवलं. ती जागा जेरोलिनाची आहे, बाळ, म्हणाली. इतक्या मायेनं बोलली की उठून जाताही येईना.

गुरुवार, २० फेब्रुवारी

केलं. आज केलं.

दुपारभर कँपात गोवराची मुलं बघत होते. परतताना ऊन उतरलेलं, मुलं फाटकातून आत शिरत होती. अंड्याला वळसा घालून, जपून, एकामागून एक. मेगो डहाळी नीट करून नुकतीच उठली होती. मी थांबले. झगा जरा वर उचलला. सँडल काढली आणि अनवाणी पाय बरोबर अंड्यावर ठेवला.

थंडगार होतं. कवच फुटलं तेव्हा आवाज अगदी लहान झाला.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आता मी घरी आले."

मेगोच्या हातातली परात खाली गेली. मुलं माझ्या पायाकडे बघत होती. फक्त लाकेर पुढे आली आणि आपल्या फ्रॉकनं माझा तळवा पुसायला लागली.

माहीत असून केलं. चांगलं माहीत होतं. आणि लिहिताना लाज वाटतेय तरी सांगते, फार गोड वाटलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. दवाखाना उघडला, गोळ्या वाटल्या. मेगो माझ्याशी बोलत नाही, न बोलो. तिनं काल लगेच दुसरं अंडं ठेवलं होतं, ते तसंच आहे.

फक्त बाईची पावलं अंड्याच्या पलीकडेच थांबलीत. लहान पावलं थांबलेली नाहीत. ती आत आलीत. आणि परत गेलेली दिसत नाहीत.

रविवार, २३ फेब्रुवारी

संध्याकाळी घोंगड्या वाटल्या, पुरल्या नाहीत. रोज पुरतात.

कुंपणाच्या कडेला काही मुलं बसली होती, एकाला एक चिकटून. पाय राखाडी, केसांत गवत. मनगटावर दोरीच्या खुणा. दंगा नाही, खोकला नाही, माश्या हाकलत नाहीत. वाटलं, कँपात नवी आलेली असतील. एका मुलीजवळ वाकून नाव विचारलं. तिनं अदबीनं उठून, हात जोडून विचारलं, सिस्टर जेरोलिना कुठं आहे?

मी म्हटलं, मी आहे ना.

ती मान वाकडी करून माझ्या मागे बघायला लागली. सगळीच बघायला लागली.

मी आत निघून आले. मेली पोरंसुद्धा तिलाच मागतात. हो, मेलेली. लिहिलं एकदाचं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आपली मुलं आजारी. ताप नाही. रक्तात मलेरिया नाही. अंग माठासारखं गार, ओठ सुके, बोलत नाहीत. प्रत्येकाच्या घोंगडीत सकाळी गवत आणि राख सापडते. ऊब हवीय त्यांना. आत आलेल्यांना. ते आपल्या मुलांच्या कुशीत शिरतात.

अंगणभर पवित्र पाणी शिंपडलं. कडेची पोरं शिस्तीत उठली, ओलं झाल्यावर परत बसली. बाप्तिस्मा झालेलीच आहेत ती.

ओर्सोलाला काही दिसत नाही. आज मुलं गुणी आहेत म्हणाली, किती शांत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मी त्यांना बाहेर न्यायचा प्रयत्न केला. गोड बोलले, गाणं म्हटलं, जेरोलिनाचं गाणं, हो, तेही म्हटलं! हात धरून ओढलं. हात हातात आला, पण पोर जागचं हललं नाही. माझं ऐकत नाहीत. माझ्यामागे येत नाहीत.

बुधवार, २६ फेब्रुवारी

भर दुपारी. फाटकाबाहेर उन्हात ती उभी होती.

पहिल्यांदाच पाहिलं तिला. बुटकी. दात पुढे. झगा गुडघ्यापर्यंत जळलेला, पायांची सालं निघालेली. इतकी साधी! हिच्यात एवढं काय होतं? हेच मनात आलं माझ्या, दुसरं काही नाही.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून अंगणातल्या कडेच्या पोरांकडे बघत होती. पाऊल उचलायची, अंड्यापाशी अडायची. परत उचलायची. पोरंही तिच्याकडे बघत होती. ती बाहेर पडेनात, तिला आत येता येईना.

मेगोनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "तिचं घरी येणं तू घेतलंस. अंडं फुटलं तशी पोरं आत शिरली, ती बाहेरच अडकली. आता तूच तिला हाताला धरून, नाव घेऊन बोलव. म्हण, जेरोलिना, हे घर तुझं, ही पोरं तुझी. ती येईल, त्यांना गोळा करून घेऊन जाईल. दुसऱ्या कुणाच्या बोलावण्यानं यायची नाही."

ओर्सोलानं बोलावून बघितलं. फाटकाशी जाऊन, रडत, दोन्ही हात पसरून. जेरोलिना तिच्याकडे बघून हसली फक्त. म्हातारीला दिसलंही नाही.

मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, उद्या.

गुरुवार, २७

उद्या म्हटलं होतं. गेले फाटकाशी. हात पुढे केला. "हे घर" इथपर्यंत आले. "तुझं" म्हणवेना. माझं आहे. आयुष्यात पहिल्यांदा काही माझं आहे. किल्ली कमरेला आहे.

ती थांबली होती. चिडली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या नजरेत माझी कीव होती. मी हात मागे घेतला.

शुक्रवार, सकाळ

ओकेमा उठला नाही. पाच वर्षांचा. त्याच्या घोंगडीत दुसरं एक पोर पडलं होतं, गालाला आता थोडी लाली.

मेगोनं त्याला माझ्या हातात दिलं. दिलं नुसतं.

आज म्हणते. येशूच्या आईची शपथ.

शुक्रवार, संध्याकाळ

लाकेर गार पडलीय.

मी तिला खोलीत घेतलं. दार लावलं, खिडकी लावली, दोन्ही झगे तिच्यावर घातले. कपाटातला तिसराही घातला — तिचा. तिच्या झग्यात लाकेरचं अंग जरा ऊब धरायला लागलं. दातओठ खाऊन राहू दिला.

पाणी आणायला गेले, परत आले तर घोंगडीखाली दोन डोकी. एक राखाडी.

शनिवार

अजून दोघं गेली सकाळी. नावं लिहवत नाहीत.

मेगो दाराबाहेर बसून आहे. शिव्या देत नाही. कुणीच देत नाही.

मी वाईट नाही. मी पायाळू मूल सोडवलं. मी गोवराची पोरं —

जाते. लाकेरला घेऊनच जाते.

संध्याकाळ, फाटकाच्या पायरीवर

लाकेर मांडीवर. श्वास आहे. दुसरं पोर तिच्या पाठीला चिकटलेलं, सोडत नाही. वही गुडघ्यावर, लिहिलं की हात कापत नाही —

ती समोर उभी आहे. हात पुढे केलाय. अंडं मधे. वाकले तर हाताला हात लागेल.

एकच नाव. त्यात काय आहे. रोज शंभर तोंडं घेतात. मी इथं पंधरा वेळा लिहिलंय.

ज —

लाकेरनं डोळे उघडले. ओठ हलताहेत. मी कान जवळ नेला. वाटलं, मला —

म्हणाली, जेरोलिना आली का?

हिनं तिला बघितलंही नव्हतं कधी. ही माझी होती. ही एकटी माझी होती.

म्हणते. आत्ता म्हणते. मेगो ओरडतेय मागून. हो, म्हणते आहे —

आधी हिला एकदा माझं नाव घेऊ दे. एकदाच. मग लगेच बोलावते तिला, लगेच. लाकेर. इकडे बघ, राजा. डोळे मिटू नकोस. म्हण, पास्कालिना. सोपं आहे, तू रोज म्हणायचीस. पास्का —

म्हण ना —